आमचं गाव नेमकं किती माणसांचं? (आणि ती जगतात कशावर?)

बालाघाटी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराला टेकून. नाव सांगत नाही, सांगून कुणाला कळणारही नाही. मी पुण्यात नोकरीला. चुलतभाऊ यंदा ग्रामपंचायतीत निवडून आलाय आणि विकास आराखड्याचे कागद जुळवायला त्यानं मला दिवाळीत बसवून घेतलं. समोर तीन याद्या होत्या: २०११ च्या जनगणनेतला गावाचा तक्ता, मतदार यादी आणि रेशन दुकानातली यादी.

मतदार यादीतली नावं जनगणनेतल्या एकूण माणसांपेक्षा जास्त निघाली. म्हणजे पाळण्यातल्या लेकरासकट गावात जेवढी डोकी, त्याहून जास्त लोक मत द्यायला येतात. भाऊ म्हणाला, बोगस भरलीत. मग रात्री दोघांनी मिळून एकेक नाव वाचलं. मेलेले चार-दोन सोडले तर एकही बोगस नाही. सगळे आपलेच. मग जनगणनेत ही माणसं गेली कुठं?

दुसरा घोळ कामाच्या रकान्यांचा. तक्त्यात चारच खण: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. आमच्याच चुलत्याचं घर घ्या. चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि सोयाबीन. दिवाळी झाली की नवरा-बायको कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. उन्हाळ्यात मिळेल ते काम. सात शेळ्या आहेत, त्या आजी बघते. आजीला निराधारचे दीड हजार, चुलतीला लाडक्या बहिणीचे दीड हजार, किसान सन्मानचे केंद्राचे सहा आणि राज्याचे सहा असे वर्षाला बारा हजार. यातला कुठला धंदा लिहायचा?

आपापल्या गावचं काय, सांगा. जाणकारांनी जनगणनेचे नियमही सांगावेत.

तिरकस
सरकारी आकडे ते. चावडीवर बसून भरलेले असतात. पुढचा धागा!

खडूफळा
तिरकसराव, चावडीवर बसून भरणाऱ्यांतला मी नव्हे. १९९१, २००१ आणि २०११ अशा तिन्ही वेळा प्रगणक (घरोघरी जाऊन माणसं मोजणारा) होतो. आता निवृत्त. बालाघाटी, तुमची माणसं कुठं गेली ते सांगतो. चूक कुणाचीच नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं.

२०११ ची माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. नियम असा की नेहमी इथं राहणारा माणूस या वीस दिवसांत एकदाही घरी नसेल, तर त्याचं नाव इथं लिहायचं नाही. जिथं असेल तिथं त्याला मोजतील. १ ते ५ मार्च फेरतपासणी, आणि सगळा हिशेब १ मार्चच्या मध्यरात्रीचा. तोवर जन्मलेलं मूल धरायचं, त्याआधी गेलेला माणूस काढायचा.

आता तुम्हीच सांगा, फेब्रुवारीत तुमच्या गावातला कोयता कुठं असतो?

माझी नेमणूक बीडशेजारच्याच जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यातल्या गावात होती. एका घरी म्हातारी आणि तीन नातवंडं. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं, अशी व्याख्या. कुटुंबप्रमुख म्हणून म्हातारीचं नाव लिहिलं, पोरांची लिहिली आणि पान उलटायला लागलो. ती म्हणाली, "दोन ल्योक, दोन सुना ऱ्हायल्या की." म्हटलं आजी, ते कारखान्यावर आहेत, त्यांना तिकडं मोजतील. तर म्हणाली, "घर हितं, चूल हितं, अन् माणसं तिकडची व्हय?" मला उत्तर सुचलं नाही. अर्ज यंत्रानं वाचायचे होते, आकडा चौकटीबाहेर गेलेला चालत नव्हता. मी चौकटीत ४ लिहिलं. त्या घरात आठ माणसं होती.

त्या आळीत अशी घरं निम्म्याहून जास्त. काही ठिकाणी तर कुलूपच.

आंबोळी
गुरुजी, काटा आला वाचून.

पाटीपेन्सिल
वाचतेय. रुमाल टाकून ठेवते.

कृष्णाकाठ
दुसऱ्या टोकाकडून लिहितो. सांगलीकडं वाळवा तालुक्यात शाळेवर होतो, २०११ ला मीही प्रगणक. खडूफळा गुरुजींनी "तिकडं मोजतील" म्हटलं ते तिकडचे म्हणजे आम्ही.

उसाच्या टोळ्या पहाटे चारला फडात जातात. दिवसा त्यांच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) गेलं तर एखादी बाळंतीण, दोन कुत्री आणि कोंबड्या. म्हणून आम्ही रात्री जेवणवेळेला जायचो. मुकादमाकडं नावं असायची, पण कोयत्यांच्या हिशेबात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा. पोरं त्या वहीत नसतातच. आम्हाला कोपीत डोकावून विचारायला लागायचं. एका कोपीत पाच माणसं लिहून बाहेर पडलो तर बांबूच्या आड गोधडीखाली सहावं झोपलेलं. आईच म्हणाली, "त्याचं नाव न्हाई का घ्यायचं?"

मोजली का सगळी? माझ्या गटातली मोजली, हे छातीवर हात ठेवून सांगतो. पण टोळी दर आठ-पंधरा दिवसांनी फड बदलते. आज इथं, परवा नदीपलीकडं दुसऱ्याच्या गटात. तिथल्या प्रगणकाला वाटलं, आधी मोजली असतील. असं झालंच नसेल, हे कसं म्हणू?

गंमत बघा. जी मोजली ती आमच्या गावच्या लोकसंख्येत धरली गेली. आमचं गाव कागदावर फुगलं, तुमचं आटलं.

बालाघाटी
म्हणजे आमची माणसं वाळव्यात! भावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग आमचा निधीपण तिकडंच गेला असेल.

कृष्णाकाठ
हसण्यावारी नेऊ नका. वित्त आयोगाचा पैसा वाटताना लोकसंख्या हाच मोठा निकष. ग्रामपंचायतीत ७ सदस्य की ९, तेही लोकसंख्येवर (१५०० पर्यंत ७, मोठ्या गावात जास्तीत जास्त १७). आणि २०२१ ची जनगणना कोविडनं जी हुकली ती हुकलीच, म्हणून आजही बहुतेक ठिकाणी २०११ चाच आकडा घासूनपुसून वापरतात. रेशनचंही तसंच. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, त्यात महाराष्ट्राला ७ कोटी लाभार्थ्यांची मर्यादा आखून दिली तीही २०११ च्या हिशेबानं. नवी सून घरात आली तरी तिचं नाव चढायला तिष्ठावं लागतं ते यामुळंच.

तिरकस
बरं, आकडे चावडीवर भरत नाहीत, शब्द मागे घेतो. पण मूळ मुद्द्यावर येऊ. खेडी रिकामी होत असतील तर त्यात रडण्यासारखं काय आहे? चार एकर कोरडवाहूवर आठ माणसं जगवायची कशाला? शेतीतून माणसं बाहेर पडली पाहिजेत, जगात सगळीकडे हेच झालंय.

आंबोळी
आमच्याकडे ते कधीच झालंय. या, बघायला या.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती, २०११ ला १६,१५,०६९. देशाची वाढली, राज्याची वाढली, आमची ८० हजारांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाहेरच्यांना वाटतं मुलींचं काय कौतुक या जिल्ह्यात! कौतुक कसलं, पुरुष मुंबईला. माझ्या आजोबांच्या वेळी गिरणीत जायचे आणि मनीऑर्डर यायची. १९८२ च्या संपानंतर काही परत आले, पण शेतात रमले नाहीत. त्यांची मुलं पुन्हा नालासोपारा, दिवा, विरार.

आमच्या वाडीत बावीस घरं, त्यातली तेरा बंद. मे महिना संपला की चाकरमानी निघताना कुलपाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधतात, नाहीतर पावसात गंजून गणपतीला किल्ली फिरत नाही. एरवी वाडीत फिरलं की दारादारावर त्या पिशव्याच दिसतात. दुधाच्या, मिठाईच्या, मुंबईतल्या कुठल्यातरी साडीच्या दुकानाच्या. गणपतीत पाच दिवस तेराही घरांत दिवे. तेव्हा मोजा म्हणावं!

आणि फेब्रुवारीत आमच्याकडे कोण असतं माहितेय? आंब्याच्या बागांत राखणीला आणि फवारणीला आलेले नेपाळी. बायकामुलांसह बागेतच खोपटात राहतात, जूनला जातात. नियमाप्रमाणे ते आमच्या गावात मोजायचे. म्हणजे वाडीचा मूळ माणूस गोरेगावात मोजला गेला आणि वाडीत कोण, तर नेपाळचा राखणदार. तक्रार नाही हं. तो नसता तर हापूस झाडावरच राहिला असता.

माणदेशी
+१ आंबोळी. आमच्या आटपाडी-खानापूर पट्ट्यात गलाईवाले. सोनं-चांदी गाळायची दुकानं पार तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत. गावात तीन-तीन मजली बंगले आणि आत एक म्हातारा, एक टीव्ही. जत्रेला मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही. पोटापाण्याचा धंदा विचाराल तर गावाचा धंदा दोन हजार किलोमीटरवर आहे आणि गावात फक्त त्याचं घर आहे.

आमच्या बाजूच्याच वाडीत कुणी बाहेर गेलेलं नाही, कारण तिथं दूध. सकाळ-संध्याकाळ धार काढायला माणूस लागतोच, म्हशीला सुट्टी कळत नाही. ज्या घरी दुभतं, त्या घराला कुलूप नाही. हा माझा अनुभव, सिद्धान्त नव्हे.

खडूफळा
दुभत्यावरून आठवलं. कामाचा प्रश्न राहिलाच होता.

जनगणनेत मागच्या वर्षभराचं काम विचारतात. सहा महिने किंवा जास्त काम केलं तर मुख्य काम करणारा, कमी असेल तर सीमांतिक. २०११ ला सीमांतिकातही तीन महिन्यांच्या आतले वेगळे काढले. आणि एकापेक्षा जास्त कामं असतील तर ज्यात जास्त दिवस गेले ते एकच लिहायचं. तुमच्या चुलत्याचं पारडं त्यामुळं दरवर्षी इकडचं तिकडं होणार. पाऊस बरा असला आणि हंगाम आटोपशीर असला तर शेतकरी. दुष्काळ पडून लवकर गेले आणि उशिरा आले तर शेतमजूर. माणूस तोच, जमीन तीच.

दुसऱ्याची जमीन बटईनं कसणाराही शेतकरीच धरतात, कारण तोटा आला तर तोही सोसतो. दुसऱ्याच्या रानात मजुरी घेणारा शेतमजूर. आणि घरच्यासाठी धान्य पिकवणं, घरच्यापुरतं दूध काढणं हेही काम धरायचं, असं प्रशिक्षणात स्पष्ट सांगितलं होतं. प्रत्यक्षात काय व्हायचं? दारात उभा राहून विचारलं, "घरातल्या बाई काय करतात?" की पुरुष आतूनच ओरडायचा, "काय नाय, घरीच असती." त्या वेळी बाई गोठ्यात शेण काढत असायची. मी हट्टानं तिलाच विचारायचो. दोन गावं झाल्यावर दमलो आणि काही घरी पुरुष म्हणाला तेच लिहिलं. कबूल करतो.

पाटीपेन्सिल
गुरुजी, कबुलीबद्दल आदर. माझी आई पन्नास वर्षं "घरीच" आहे. रोपं लावते, कांदा काटते, रोज पाच लिटर दूध डेअरीला घालते. खात्यावर नाव वडिलांचं.

मोहफूल
गडचिरोलीहून. आमच्याकडे चार खण सोडा, चाळीस केले तरी कमी पडतील. पावसाळ्यात धान. मार्च-एप्रिलात पहाटे मोह वेचणं. मे महिन्यात तेंदूपत्ता, तो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा हंगाम, पण वर्षाची रोकड त्यातच. ७० पानांचा एक पुडा. पहाटे तोडायची, दुपारभर घरात सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या जागी) नेऊन मोजून द्यायचे. आठ वर्षांची पोरगीही सत्तर पानं बघता बघता बांधते, मोजताना ओठ सुद्धा हलत नाहीत.

तिरकसजी, "माणसं बाहेर पडली पाहिजेत" म्हणालात म्हणून सांगते. आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं लहानसं गाव आहे, लेखा-मेंढा म्हणतात ते. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागायचा, त्यासाठी भांडावं लागलं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. जमीन तीच, जंगल तेच, हक्क बदलला आणि गावातच काम निघालं. प्रत्येक गावाला जमेल असं नाही, आमच्या गावाला अजून जमलेलं नाही. पण माणूस बाहेर पडतो तो दर वेळी शेती पुरत नाही म्हणून असं नसतं.

तिरकस
ठीक. पण मेंढा आणि हिवरे बाजार ही नावं किती वर्षं ऐकायची? बाकीच्या चाळीस हजार गावांचं काय?

कृष्णाकाठ
म्हणून तुमच्या "बाहेर पडली पाहिजेत"चाच हिशेब मांडतो. २००१ ला देशात शेतकरी म्हणून नोंदलेले १२.७३ कोटी होते, २०११ ला ११.८८ कोटी. झाले की कमी. आता शेजारचा रकाना बघा. शेतमजूर १०.६८ कोटींवरून १४.४३ कोटी. दोन्ही मिळवा. शेतीतली माणसं कमी झाली नाहीत, वाढली. स्वतःच्या बांधावरचा माणूस दुसऱ्याच्या बांधावर गेला, एवढंच. जगात झालं ते असं झालं नव्हतं.

तिरकस
हे आकडे माहीत नव्हते. गप्प बसतो. (थोडा वेळ.)

बालाघाटी
कृष्णाकाठ, अगदी आमच्या घरचं बोललात.

आणि कोयताही आता पहिल्यासारखा राहिला नाही. जानेवारी २०२४ ला दर ३४ टक्के वाढला, टनाला २७३ चे ३६६ झाले. पण फडात यंत्रं उतरलीत. उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, काम कमी, हंगामही लवकर उरकतो. चुलता म्हणतो, दर वाढला अन् ऊस पळाला. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, तो उचलीतून वळता. चुलती तापात पाचट ओढते ते याच खाड्याच्या भीतीनं. जास्त लिहीत नाही, बायकांच्या गर्भपिशव्या काढण्यापर्यंत हे प्रकरण गेलेलं तुम्ही पेपरात वाचलंच असेल.

आंबोळी
वाचलंय. त्या बातम्यांनंतर उसाचा रस प्यायला नको वाटला होता कितीतरी दिवस.

माणदेशी
अवांतर: ज्या गावांत एकही माणूस राहत नाही त्यांना महसुली दप्तरात "बेचिराख" म्हणतात. नकाशावर शीव असते, सातबारे असतात, कर आकारणी असते, माणूस नसतो. विदर्भात त्यालाच रिठी म्हणतात ना, मोहफूल? लहानपणी वाटायचं, कुणीतरी जाळून टाकली असतील.

मोहफूल
हो, रीठ. त्या रानात अजून चिंचा उभ्या असतात. चिंच दिसली की समजायचं, इथं अंगण होतं.

बालाघाटी
दोन आठवड्यांनी येतोय. थोडं काम झालं, म्हणून धागा वर काढतो.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. भावाला म्हटलं, ते आपल्या हातात नाही, पण आराखडा तर आपल्या हातात आहे. आपण आपली वही करू. घरागणिक एक ओळ आणि बारा महिन्यांचे बारा रकाने. कोण कुठल्या महिन्यात गावात, एवढंच लिहायचं. तेरावा रकाना पैसा कुठून येतो त्याचा, आणि त्यात चार-चार गोष्टी लिहायला मुभा.

टोळ्या निघायच्या आदल्या रात्री गल्लीत ट्रॅक्टर लागले होते तेव्हाच सुरुवात केली, नाहीतर विचारायला माणूस सापडला नसता. लोक पत्रे, बांबू, बाजरीची पोती, पाण्याची टाकी चढवत होते आणि आम्ही मोबाईलच्या उजेडात लिहीत होतो. एकानं विचारलं, "कशाची यादी? कर्ज माफ होणारंय का?" नाही म्हटल्यावर तो परत दोर आवळायला लागला. तरी सांगितलं सगळं.

एक गोष्ट मला पुण्यात बसून कधीच सुचली नसती. नळयोजनेची टाकी माणशी रोज ५५ लिटर धरून बांधलीय, माणसं मात्र २०११ चा आकडा पुढं वाढवून धरलेली. म्हणजे मुळात कोयता वजा जाता. डिसेंबरात विहिरीला पाणी असतं तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि शेळ्या. एप्रिल-मेत सगळी घरी येतात, जनावरं येतात, लग्नं निघतात, आणि विहीर तळाला. मोजणी फेब्रुवारीची, तहान मे महिन्याची. भावानं हे ग्रामसभेत मांडलं. ग्रामसेवक म्हणाले, लेखी द्या.

खडूफळा
लेखी द्याच. सोबत वहीच्या पानांच्या प्रती जोडा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणि एक रकाना वाढवा. आजी-आजोबांजवळ राहिलेली पोरं किती आणि आईबापांबरोबर फडावर गेलेली किती. शाळेच्या पटावर दोन्ही असतात. गावात राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव टाकता येतो, पण त्याला नावानिशी यादी लागते. आम्ही ती दरवर्षी घाईघाईत करायचो आणि दोन-चार पोरं सुटायचीच.

पाटीपेन्सिल
वहीचा एक कोरा नमुना इथं टाकाल का? आमच्या गावी टोळ्या नाहीत, पण कांद्याच्या हंगामात बाहेरून माणसं येतात. ती कुणाच्याच वहीत नसतात.

बालाघाटी
गुरुजी, रकाना वाढवला. पाटीपेन्सिल, नमुना टाकतो, पण भावाचं अक्षर सोसून घ्यावं लागेल.

आमच्या आजीच्या घराची ओळ लिहिताना पैशाच्या रकान्यात शेळ्या राहिल्या होत्या. तिनं वही मागून घेतली, वाचता येत नाही, पण बोट ठेवून विचारलं, "ह्यात माझ्या शेळ्या कुठंयत?" सात लिहिल्या. म्हणाली, "दोन गाभण हायेत, तसं लिही." आता त्या रकान्यात "शेळ्या ७ (दोन गाभण)" आहे. एप्रिलात टोळ्या परतल्या की उरलेली घरं घेऊ.